औंदाचा बेल

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी लातूरच्या गोलाईतल्या बाजारात बेल-फुलं विकणाऱ्या सरजाबाईनं शिवकांताबाईंच्या ओंजळीत बेलाचं एकच पान ठेवलं आणि टोपलीवर ओलं फडकं ओढून घेतलं. एकच. दर सोमवारी मूठ भरून बेल देणारी, वर आपल्या मनानं चार पांढरी फुलं टाकणारी ही बाई, आणि आज तिनं असा हात आखडला. "काय गं, रागावलीस का माझ्यावर?" शिवकांताबाईंनी हसत विचारलं. "राग कशाचा बाई? बेलच न्हाई औंदा. पाऊस न्हाई म्हनून ज्यानं त्यानं महादेवाला लाख बेल बोललाय. इकडली झाडं ओरबाडून ओरबाडून पार खराटा झाली बघा. आता शिरूर अनंतपाळच्या पल्याड, घरणी नदीच्या अंगाला एका माळावर तेवढी हिरवी हायती. पर तिथं एक पोरगी हाय. लई आगाऊ. झाडाला हात लावू देत न्हाई. लेकरं घेऊन झाडाखाली बसती अन् काय काय शिकवून राहिली. आमच्या माणसाला म्हनली, मामा, ह्या पानावर कोन राहतं ते आधी सांगा, मग तोडा." सरजाबाई कपाळाला हात लावून हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

शिवकांताबाईंना क्षणभर फार बरं वाटलं. नाव सांगायची गरजच नव्हती. ती जगदेवी. त्यांनीच निवडलेली, त्यांनीच गुजरातेत एका संस्थेत वर्षभर शिकायला पाठवलेली, आता गावी परतून आसपासच्या शाळांतून निसर्गसंवर्धनाचे तास घेणारी. पानावर कोण राहतं, असं बेल तोडायला आलेल्या माणसाला विचारायचं! म्हणजे पोरगी शिकून आली, नुसती राहून आली नाही. पण गोलाईतून बाहेर पडायच्या आत त्यांना दुसरी गोष्ट आठवली. यंदा लाख बेल बोललेल्यांत लातुरातलं मोठं नाव मडिवाळप्पांचं होतं. आणि जगदेवीची शिष्यवृत्ती, तिच्या आधीच्यांची, आणि आता ट्रंक भरून निघायच्या तयारीत असलेल्या तारामतीची, ही सगळी मडिवाळप्पांच्या एका शब्दावर चालत होती. तो शब्द दर वर्षी श्रावण संपता संपता, पूजा झाली की मिळायचा. पुढं सगळं निभावलं म्हणून आज हे हसतखेळत सांगता येतं, पण त्या सकाळी शिवकांताबाई हातात एक पान घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि आपण कुठं चाललो होतो हेच त्यांना आठवेना. पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला, तेव्हा त्या बाजूला सरकल्या.

ही शिष्यवृत्ती निघाली ती लातूर जिल्हा झाला त्या धामधुमीत. गावभर एकच उत्साह होता. आता आपलं ऑफिस आपल्या गावात, आपला कलेक्टर आपल्या गावात, उस्मानाबादच्या खेपा बंद. शाळांच्या पाट्यांवर रंगारी चढले होते. जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहीत होते, आणि रंग पातळ असल्यामुळं कितीतरी पाट्यांवर नव्याखालचं जुनं नाव अजून वाचता येत होतं. अशा दिवसांत धान्याच्या मोंढ्यातले आडत दुकानदार मडिवाळप्पा शिवकांताबाईंच्या कॉलेजात आले. त्यांचे वडील संगप्पा नुकतेच वारले, लिंगैक्य झाले होते. "बाई, आता आपला जिल्हा झाला. अप्पांच्या नावानं कायतरी कायमचं करावं म्हनतो. धर्मशाळा बांधावी तर ती सगळेच बांधत्यात. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा." प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शिवकांताबाई त्या दिवशी काय बोलून गेल्या कुणास ठाऊक. नांदेडला शिकत असताना गोदावरीच्या काठी त्यांना एक सर भेटले होते. ते पुस्तक मिटायला लावत आणि तास तास पाण्याकडं बघत बसवत. तसं शिकवणारी माणसं आपल्या खेड्यापाड्यांतून तयार व्हावीत असं त्यांच्या मनात किती वर्षं होतं. पण मडिवाळप्पांच्या कपाळावरची विभूती बघून त्यांची जीभ वळली ती वेगळीच. "झाडांची सेवा करणारी मुलं तयार करू या अप्पा," त्या म्हणाल्या. "बेल, रुई, आपटा, शमी. शिवाला वाहायची झाडं जगली पाहिजेत ना?" मडिवाळप्पांचे डोळे भरून आले. तिथंच ठरलं.

खोटं काही सांगितलं नव्हतं. झाडं जगली पाहिजेत हे खरंच होतं. पण अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं पुढं केव्हातरी निवांत बसून सांगू म्हणता म्हणता राहून गेलं. हे आपल्याकडंच असं होतं, बरं का. दात्याच्या देवघरात बसून बोलायचं म्हटलं की शिकलेला माणूससुद्धा देवाचीच भाषा बोलतो, आणि मग तीच भाषा जन्मभर निभावत बसतो. कॉलेजच्या कागदावर निसर्गसंवर्धन शिक्षण शिष्यवृत्ती, आणि मडिवाळप्पांच्या दुकानात, वडिलांच्या फोटोखाली, फ्रेम करून लावलेली संगप्पा स्मारक वृक्षसेवा. शिकायला गेलेल्या मुलाचं पत्र आलं की शिवकांताबाई त्यातलं साप, वटवाघळं, गवत, पाणथळ जागा हे सगळं आपल्यापाशी ठेवायच्या आणि रोपं किती लावली तेवढं दुकानात जाऊन वाचून दाखवायच्या. मडिवाळप्पा मान डोलवायचे. परत येताना मोंढ्याच्या रस्त्यावर त्यांना उगीचच घाम यायचा.

आणि चालवायचं म्हणजे तरी काय सोपं होतं? अर्ज यायचे ते फॉरेस्टात नोकरी लागेल ह्या आशेनं. बाप विचारायचे, "बाई, शिकून आल्यावर ऑर्डर कोन देतं?" ऑर्डर कुणी देत नाही म्हटलं की निम्मे घरी जायचे. उरलेल्यांना शिवकांताबाई मुलाखतीला लातूरला बोलवायच्याच नाहीत, स्वतः त्यांच्या गावच्या शाळेत जायच्या. तू एक तास घे, मी मागच्या बाकावर बसते, असं सांगायच्या. बहुतेक मुलं झाडे लावा, झाडे जगवा असं पाठ केलेलं म्हणून दाखवायची आणि घाम पुसायची. जगदेवीनं मात्र त्या दिवशी वर्गात भाषणच केलं नाही. पोरांना बाहेर नेलं, पडक्या भिंतीपुढं बसवलं आणि म्हणाली, गप बसा आणि बघा. पोरं गप बसली. शिवकांताबाईही बसल्या. भिंतीतल्या भोकांतून हळूहळू कोण कोण बाहेर यायला लागलं आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. त्या वेळीच शिवकांताबाईंनी मनात ठरवून टाकलं होतं. तिची आई गुरम्मा स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "बाई, पोरगी परत येईल न्हवं?" येईल, असं शिवकांताबाईंनी छातीठोक सांगितलं होतं. आली होती. आणि आता ती मडिवाळप्पांच्या आणि त्यांच्या देवाच्या मधे जाऊन बसली होती.

दुपारी मडिवाळप्पा स्वतःच कॉलेजात आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा उन्हानं लाल. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, ती तुमचीच पोरगी हाय ना?" शिवकांताबाईंनी माठातलं पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही. "माझी माणसं तिथून रिकाम्या हातानं परत आली. गड्यांना पोरीनं हाकललं म्हना. माझ्या बापाच्या नावानं शिकलेली पोरगी अन् मलाच बेल न्हाई म्हनती? मोंढ्यात लोक हसून राहिले माझ्यावर. इज्जतीचा सवाल झाला." शिवकांताबाई म्हणाल्या, "अप्पा, तिचं म्हणणं एकदा ऐकून तरी..." "ऐकू की. उद्या मीच जाऊन राहिलो जीप घेऊन. तुम्ही बी चला. तुमचं ऐकती ती. तुम्ही एक शब्द सांगा, पोरगी बाजूला व्हईल, माझा लाख पुरा व्हईल. तिथं काय व्हतंय ते बघू, मग औंदाच्या पोरीचं बघू." दारातून बाहेर पडताना ते थांबले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मला काय हौस हाय का बाई? पाऊस न्हाई."

हे शेवटचं वाक्य शिवकांताबाईंना रागापेक्षा जास्त लागलं. नुसता राग असता तर उलट राग तरी धरता आला असता. संध्याकाळी तारामती ट्रंकेला कुलूप घ्यायला म्हणून निलंग्याहून आली होती, ती कुलूप दाखवायला घरी आली. बाई, हे चांगलं हाय न्हवं, म्हणून तिनं ते दोनदा उघडून मिटून दाखवलं. शिवकांताबाईंनी तिला चहा दिला, पोहे दिले, गाडी कुठं बदलायची ते सांगितलं, पण उद्या काय होणार आहे ते सांगायला त्यांची जीभ उचलेना. ती गेल्यावर त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं. जगदेवी, एवढ्या वर्षापुरतं देऊन टाक. झाडं पुन्हा फुटतील. शिष्यवृत्ती गेली तर पुन्हा फुटायची नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. ते चांगलं जमलं होतं म्हणूनच त्यांना त्याची शिसारी आली. तरी त्यांनी ते पाठ केलं.

जीप निघाली ती उन्हं चढायच्या आत. मागं रिकामी पोती होती, बेल भरायला आणलेली, आणि ती प्रत्येक खड्ड्याला उसळून शिवकांताबाईंच्या पायावर येत होती. मडिवाळप्पा पुढं बसले होते. श्रावण असून दोन्ही बाजूला रानं उघडी पडली होती. एका तळ्याच्या पोटात गुरं उभी होती, पाण्यात नव्हे, भेगाळलेल्या गाळात. शिवकांताबाई पोत्यांकडं बघत राहिल्या. लहानपणी असलीच पोती त्यांच्या निलंग्याच्या घरी ओसरीवर ओतली जात होती. त्या दहाएक वर्षांच्या असतील. वडिलांनी लाख बेल बोलला होता आणि घर बायकांनी भरून गेलं होतं. काकू, आत्या, शेजारणी, सगळ्या मांडी घालून पानं निवडायच्या. तीन दळं पाहिजेत, देठ पाहिजे, भोक नको, डाग नको. लहानग्या शिवकांताचं काम होतं पान उजेडासमोर धरून भोक आहे का बघायचं. भोकाचं पान मागं टाकायचं. मागचा ढीग पुढच्यापेक्षा मोठा व्हायचा आणि रोज संध्याकाळी शेळ्यांना जायचा. त्या ढिगात तिला एक हिरवी अळी सापडली. ती तिनं काड्यापेटीत घातली, भोकाची पानं तिला खायला दिली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोवळं मोडलं म्हणून सगळी पानं बाद झाली असती. एके दिवशी पेटी उघडली तर आत फुलपाखरू होतं, आणि पेटी लहान असल्यामुळं त्याचे पंख उलगडलेच नव्हते. चुरगळलेले, तसेच वाळलेले. तिनं ते बोटावर घेऊन हलवलं, फुंकर मारली. ओसरीवर बायका गाणी म्हणत होत्या, वडील आनंदात होते, पूजा सुरेख झाली. नंतर नांदेडला प्राणिशास्त्र का घेतलंस म्हणून कुणी विचारलं की त्या काहीतरी दुसरंच सांगायच्या.

जीपनं वळण घेतलं तसं पाठ केलेलं वाक्य त्यांना पुन्हा आठवलं. देऊन टाक. एवढ्या वर्षापुरतं. त्यांना उलटी होईल असं वाटलं. मडिवाळप्पांनी मागं वळून बघितलं आणि गाडी थांबवायला सांगितली. "गाडी लागली का बाई? सुपारी देऊ?" त्यांनी कनवटीची सुपारी काढून दिली. असा हा माणूस, शिवकांताबाईंच्या मनात आलं, हा वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

माळ लांबूनच दिसला, कारण सगळ्या भुऱ्या रानात तेवढाच हिरवा ठिपका होता. जुन्या महादेवाच्या घुमटीभोवती बेलाची झाडं दाटीनं उभी होती. खाली लेकरं बसली होती आणि मधे जगदेवी, पदर खोचून, फांदी वाकवून धरून. जीप बघून लेकरं उठली नाहीत, कारण ती कशात तरी गुंतली होती. जगदेवीनं शिवकांताबाईंना बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. मग तिला मडिवाळप्पा दिसले, मागं पोती घेतलेला गडी दिसला, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण डोळे विचारायला लागले. "शरणु अप्पा. या बाई, बसा," ती मान लववून म्हणाली. "तास चालू हाय."

"तास बीस नंतर," मडिवाळप्पा म्हणाले. "पोरी, मी संगप्पांचा लेक. वळखलंस?"

"वळखलं की. तुमच्यामुळंच तर शिकले मी."

"मग? माझ्या माणसांना परत काहून धाडलंस?"

"अप्पा, त्यांनी फांद्या मोडायला काढल्या. पानं खुडली न्हाईत, फांद्या. पलीकडच्या वस्तीवरची झाडं तशीच गेली. औंदा खाली ओल न्हाई, झाड पुन्हा पालवायला जोर कुठनं आणंल?" ती भांडत नव्हती. पण फांदी सोडली नव्हती.

मडिवाळप्पा शिवकांताबाईंकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा हिला."

लेकरं, जगदेवी, गडी, सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. वाक्य ओठावर तयार होतं, शब्दनशब्द तयार होता. तारामतीचं नवं कुलूप डोळ्यांपुढं आलं. शिवकांताबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. "मी नाही सांगणार अप्पा. ती बरोबर आहे. हेच शिकायला आपण तिला पाठवलं होतं." एवढं बोलून त्या तिथंच लेकरांच्या मागं, मातीत, मटकन बसल्या. संपलं, असं त्यांना वाटलं. चार वर्षांचा खटाटोप, पत्रं, प्रवास, मागच्या बाकावरचे ते सगळे तास, एका वाक्यात संपले. आणि गंमत बघा, त्यांना वाईट वाटलं नाही. मोकळं वाटलं. डोक्यावरचं ओझं कुणी न विचारता उतरवून घ्यावं तसं. हे इतकं अनपेक्षित होतं की आपण काहीतरी विसरतोय की काय, म्हणून त्या मनात चाचपून बघायला लागल्या.

मडिवाळप्पा काही बोलणार, एवढ्यात जगदेवीनं विचारलं, आणि विचारलं ते अगदी पोरांना विचारावं तशाच आवाजात. "अप्पा, फुलं काल वाहिलेली आज चालत्यात का देवाला?"

"न्हाई. निर्माल्य होतं ते."

"अन् बेल?"

"बेलाचं काय?"

"काल वाहिलेला बेल आज शिळा होतो का?"

"बेल कशाला शिळा व्हतो?" मडिवाळप्पा चिडूनच म्हणाले. "एवढं बी म्हाईत न्हाई? बेलाला निर्माल्य न्हाई. धुवून घेतला की पुन्हा वाहता येतो. आमचे अप्पा तर श्रावणात बेल मिळाला न्हाई की कालचाच..." आणि ते थांबले.

जगदेवीनं फक्त वाट बघितली, भिंतीपुढं बसवून पोरांना वाट बघायला लावली होती तशी. शिवकांताबाईंच्या अंगावर काटा आला. ही पद्धत त्या ओळखत होत्या. सांगायचं नाही, विचारायचं, आणि मग गप बसायचं. गोदावरीच्या काठचे सर ह्या पोरीला कधी भेटले नव्हते. भेटायला नकोत, इतकं पुढं ते पोचलं होतं.

मडिवाळप्पांनी एकदा घुमटीकडं बघितलं, एकदा पोत्यांकडं. मग ते एकदम लाल झाले. "मला शिकवून राहिली का तू?"

"न्हाई अप्पा. तुम्हीच सांगितलं की."

लेकरं फिसकन हसली. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. मडिवाळप्पांनी त्यांच्यावर डोळे वटारले, पण ते वटारणं काही जमलं नाही, मिशीच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं होतं. आडत दुकानात जन्म काढलेला माणूस, सौदा हरलाय हे त्यांना समजलं होतं, आणि सौदा चांगला आहे हेही. "बरं," ते म्हणाले. "मग एका माळेपुरतं तर तोडू देशील? एकशे आठ. तीच धुवून धुवून लाख पुरा करतो. महादेव काय मोजायला बसलाय?"

"तोडा की. पर स्वतः तोडायचं, गड्यानं न्हाई. एका फांदीची दोन-चार पानं, मग पुढली फांदी. अन् पान आधी उलटं करून बघायचं."

असे मडिवाळप्पा, धोतर सावरत, बेलाच्या काट्यांतून हात घालून पानं उलटी करून बघायला लागले. दोन्ही बाजूला लेकरं, ह्याच्यावर अंडं हाय अप्पा, हे नको, ते घ्या. एका पानावर त्यांना काहीतरी काळंपांढरं दिसलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "छी छी, पाखरानं घाण केली की हो." लेकरं लोळायची राहिली. "घाण न्हाई अप्पा! अळी हाय! पाखरानं खाऊ नये म्हनून घाणीवानी दिसती!" मडिवाळप्पांनी चष्मा वर केला आणि पान नाकाजवळ धरलं. अळीनं डोकं उचललं, दोन केशरी शिंगं बाहेर काढली आणि आत घेतली. "आरं तिच्या मायला," ते हळूच म्हणाले, आणि जवळ देऊळ आहे हे आठवून त्यांनी कान पकडले. ते पान त्यांनी तोडलं नाही. त्याच्या शेजारचंही नाही. शिवकांताबाईंना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. दोन्ही एकदमच आलं, म्हणून त्यांनी काहीच पुसलं नाही.

गावातून घागर घेऊन आलेल्या गुरम्मानं, जगदेवीच्या आईनं, एका परातीत पाणी ओतलं, बेतानं. शेंदलेलं पाणी, लांबून आणलेलं, त्याची किंमत तिथं सगळ्यांना माहीत होती. पानं वाहायची, उचलायची, परातीत बुडवायची, पुन्हा वाहायची. परातीतलं पाणी गढुळलं की लेकरांनी ते झाडाच्या बुडात ओतायचं. पहिल्यांदा मडिवाळप्पांच्या ओठांची हालचाल घाईची होती. हळूहळू ती सावकाश झाली. लाख कसले, दुपारपर्यंत काही हजार झाले असतील. तेवढ्यावर ते उठले आणि गुडघे चोळत म्हणाले, "बाकीचं घरी. हीच पानं नेतो." गड्यानं रिकामी पोती पुन्हा जीपमधे टाकली. जाताना त्यांनी जगदेवीला हाक मारली. शिवकांताबाई पुढं झाल्या, कारण अजून मुख्य गोष्ट, तारामतीच्या शिष्यवृत्तीचा शब्द, राहिली होती, आणि ते मडिवाळप्पांशिवाय आणि त्यांच्याशिवाय तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

"पोरी," मडिवाळप्पा म्हणाले, "माझा बाप असता तर त्यानं तुझं तोंडभरून कौतुक केलं असतं. मी इतक्यात करनार न्हाई. अजून मला राग हाय." मग शिवकांताबाईंकडं वळून, "ती दुसरी पोरगी कोन हाय, तारामती? तिला जाऊ द्या. अन् पुढल्या साली तुम्ही शाळेत तास बघायला जाता ना, मला बी न्या. मागच्या बाकावर बसंन. बोलनार न्हाई."

शिवकांताबाईंचा जीव भांड्यात पडला तो असा पडला की त्यांना भूक लागली. कालपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. गुरम्मानं दिलेली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ला, दुसरी मागून घेतली, आणि कॉलेजातल्या प्राध्यापक बाई आपण, हे साफ विसरून बोटं चाटली. जगदेवी शेजारी उभी होती. "बाई, मी भिले होते," ती म्हणाली. "तुम्ही मला द्यायला सांगाल असं वाटलं." "मीही भिले होते," शिवकांताबाई म्हणाल्या. "मला पण तसंच वाटलं होतं." दोघी हसल्या. त्यापुढं बोलायची गरज पडली नाही.

परतीच्या वाटेवर ऊन तेच होतं, रानं तशीच उघडी होती, आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. पण जीपमधे बसल्या बसल्या शिवकांताबाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण अप्पांपुढं बसायचो ते अंग चोरून, आज पाठ टेकून बसलो आहोत. मडिवाळप्पा या वेळी मागं, त्यांच्या शेजारी बसले होते, मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेली पानं. शिरूर मागं पडल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"बाई, रागावनार नसाल तर विचारतो. ते तिकडं गुजरातेत पोरांना नेमकं काय शिकवत्यात? रोपं लावायचं सोडून."

शिवकांताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती, संशय नव्हता. शिकायला बसलेल्या माणसाचा चेहरा होता, एवढंच. आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. गवताचं, सापाचं, वटवाघळांचं, आटलेल्या तळ्यात गाळाखाली झोपून पावसाची वाट बघणाऱ्या बेडकांचं, लेकरांना गप बसवून बघायला शिकवण्याचं. इतक्या वर्षांचं साठलेलं, कागदांत दडवलेलं, दुकानातल्या खुर्चीवर गिळून टाकलेलं सगळं एकावर एक बाहेर यायला लागलं. त्या हातवारे करत होत्या, एका वाक्यातून दुसऱ्यात उडी मारत होत्या, श्वास घ्यायला थांबत नव्हत्या. मडिवाळप्पा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"जरा सावकाश सांगा बाई," ते म्हणाले. "उद्या मोंढ्यात मला चौघांना सांगायचं हाय."

शिवकांताबाईंनी पाण्याचा घोट घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागल्या.